मावशींनी वाचलेलं वाकडं तोंड

दातांच्या दवाखान्यात मावशींना बावीस वर्षं झाली होती. डॉक्टरांची नजर दातात आणि पेशंटचं तोंड उघडं, बोलायची सोय नाही. तेव्हा खुर्चीतल्या माणसाला काय होतंय, हे ओळखायचं काम मावशींचं. भुवया जवळ येऊन वर चढल्या की भीती. डोळे गच्च मिटून नाक आक्रसलं की कळ. "डॉक्टर, थांबा जरा," एवढं म्हटलं की मशीन बंद.

एकदा एक बसड्रायव्हर खुर्चीत बसल्यापासून हसत होते. "यांना कसलंच टेन्शन नाही," डॉक्टर म्हणाले.

"ओठ हसताहेत हो, डोळ्यांना पत्ताच नाही," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. गड्याने तो अर्धा तास सोडला नाही.

अशा या मावशींच्या घरी एका रविवारी लेकीने ऑफिसातल्या मित्राला आणलं. लग्न करीन तर याच्याशीच, हे तिने आधीच सांगून टाकलं होतं. मुलगा सोफ्याच्या कडेवर टेकला. "हो", "नाही" यापलीकडे बोलेना. चहाचा एक घोट घेऊन त्याने कप बाजूला ठेवला. आणि मावशींनी काही विचारलं की त्याच्या ओठाचं डावं टोक तेवढं वर जायचं. तुच्छता! मावशींना दुसरं काही सुचेचना.

तो गेल्यावर त्या उसळल्या. "नाक वर करून बसला होता तुझा तो! आपलं घर पसंत पडलं नाही त्याला. माझी नजर चुकत नाही."

लेक आधी गोरीमोरी झाली, मग खो खो हसत सुटली. "आई, चार दिवस दाढ ठणकतेय त्याची! खुर्चीला घाबरतो. सासूबाईंच्या दवाखान्यात बोंबललो तर काय, म्हणून मला गप्प केलंय."

मावशींनी कपाळावर हात मारला. रोज बघायचं तेच तोंड, आणि जावई पारखायच्या नादात पेशंट दिसलाच नाही! त्यांनी लगेच फोन लावला. "उद्या नऊला ये. बोंबलायचं असेल तर खुशाल बोंबल."

तो आला आणि सुई दिसताच असा बोंबलला की बाहेरच्या बाकावरचे दोघे उठून गेले. पुढे मात्र सगळं सुरळीत झालं. खुर्चीतून उतरताना त्याचा अर्धा चेहरा बधिर होता आणि उरलेला अर्धा काहीतरी करत होता. या वेळी मावशींनी अंदाज बांधला नाही, सरळ विचारलं, "दुखतंय की हसतोयस?"

"हथतोय, आई," तो म्हणाला.