साडेपाचचं वेळापत्रक

माझी धाकटी बहीण आठशे मीटर धावायची आणि तिला तयार करायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. मी कणकवलीजवळ नांदगावकडच्या एका शाळेत पीटीचा मास्तर. शिट्टी वाजली की पोरं रांगेत उभी राहतात, याची इतकी सवय लागलेली की घरातही तोंडात शिट्टी असल्यासारखाच बोलायचो. वीस वर्षांखालच्या गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष. राज्याच्या संघाची निवड चाचणी जानेवारीत होती. ती हुकली तर मोठ्यांच्या गटात तिला कोण विचारणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दिवाळी झाल्याबरोबर मी आठ आठवड्यांचं वेळापत्रक छापून आणलं. फेऱ्या रोज वेगळ्या, वेळ मात्र एकच, सकाळी साडेपाच. ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच चिकटवलं, म्हणजे चहा पिताना तिच्या डोळ्यांसमोर राहील. खालच्या तिथी झाकल्या गेल्या म्हणून बाबा कुरकुरले. मी लक्ष दिलं नाही.

आमच्या गावात सपाट मैदान नाही. एकीकडे कातळ, दुसरीकडे डंपरचा रस्ता. धावायचं ते किनाऱ्यावर, पाणी ओसरल्यावर, ओल्या घट्ट वाळूवरून. भरतीला फक्त वरची उतरती, भुसभुशीत वाळू उरते. भरती कधी येणार हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पाणी पुरं चढतं. मीही लहानपणी बोटांवर हेच मोजायचो.

अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस झकास गेले. मग रोज साडेपाचला पाणी थोडं थोडं वर दिसू लागलं. अष्टमीला ती बूट हातात घेऊन दारात उभी राहिली.

“दादा, आज अष्टमी. आता दर्यो वर आसा. दहाक पाणी खाली जातला, तेवा धावतंय मी.”

“आणि दहाक टायम कोण घेतलो? मी शाळेत आसतलंय.”

“मी घेतंय मगे. मोबाईल आसा.”

“आज अष्टमी म्हणान दहाक, उद्या झोप येता म्हणान बाराक. अशान कोण खेळाडू होणा नाय.”

तिने बूट घातले. मला वाटलं, पोरीला शिस्त लागली. खरी गोष्ट अशी की माझी एसटी सातची होती, आणि साडेपाचची वेळ मी त्या एसटीकडे बघून ठरवली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. स्वतःशी कबूल करायलाही लाज वाटत होती.

पौर्णिमेनंतरच्या अष्टमीला ती मध्येच थांबली आणि उजवी नडगी चोळू लागली. “नाटकां नको,” मी ओरडलो. आणखी चार फेऱ्या करून घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच. तिसऱ्या दिवशी तिला घराची पायरी चढवेना.

कणकवलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हाडाला बारीक चीर आहे, दीड महिना धावायचं नाही. चाचणीला पाच आठवडे उरले होते. त्यांनी विचारलं, “भरतीच्या वेळी मऊ वाळूत धावत होता का?” तिने माझ्याकडे पाहिलं. “कधी कधी,” मी म्हणालो. तिने मला खोटं पाडलं नाही. त्या दिवशी तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी वेळापत्रक काढायला गेलो. डिंक पक्का होता, कागदाबरोबर कॅलेंडरचं पानही फाटलं. बाबांनी ते तसंच पुन्हा खिळ्याला अडकवलं.

चाचणीच्या दिवशी माझं शाळेत जायचं धाडस झालं नाही. ती पडवीत खुर्चीवर बसली होती, पाय समोरच्या स्टुलावर. सातची एसटी नाक्यावरून हॉर्न देत गेली.

“आज शाळा नाय?” तिने विचारलं.

“रजा घेतलंय.”

तिने समुद्राकडे पाहिलं. पाणी खूप खाली गेलं होतं, किनारा लांबपर्यंत ओला आणि मोकळा पडला होता.

“तुका रजा मेळता, दादा?” ती म्हणाली.