भिमाजीची राणी

थेरगावच्या भिमाजीला शहाणा म्हणणारा एकच माणूस होता, तो स्वतः. लग्नाला तीन वर्षं झाली तरी मूल नाही म्हणून त्यानं सोजराबाईला दापोडीला माहेरी नेऊन टाकली. "वांझ बाईला फुकट कोण पोसंल?" एवढंच म्हणाला. भावाच्या घरी ती बोलणी खात राहिली.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या छावणीतून सुटलेली काही खेचरं पवनेकाठच्या बाभळीत रानटी होऊन राहिली होती. माणूस दिसला की लाथा झाडत. शेवटी एक मादी उरली, तिचाही नाद गावानं सोडला होता. भिमाजीनं मात्र तिला फासा टाकून धरली, राणी नाव ठेवलं आणि गावभर सांगत सुटला, की हिला शिंगरं होतील, ती विकून मी माडी बांधीन. खेचराला पिल्लू होत नाही हे वीटभट्टीवरच्या कुणीही सांगितलं असतं. पण विचारलं तर शहाणपण कमी झालं असतं ना!

बायकोला कण्या घालताना ज्याचा हात आखडायचा, तो राणीला भिजवलेले हरभरे चारू लागला. रोज सकाळी तिच्या पोटावरून हात फिरवायचा. अशी पाच वर्षं गेली. मला तर त्या मायेची किळस येते.

मग गावात दौलतराव नावाचा पाहुणा आला. फौजेत त्यानं खेचरं हाकली होती. "आवो, ह्ये जनावर व्यातच न्हाई," तो म्हणाला. गाव पोट धरून हसलं. भिमाजीनं राणीला दगड मारून हाकललं. पण ती आता माणसाळली होती, वेशीबाहेरच घुटमळत राहिली. सोजराबाईच्या कानावर गेलं. ती आली आणि दोरी लावून राणीला दापोडीला घेऊन गेली.

१९५४च्या सुमारास पिंपरीत कारखान्याचं बांधकाम जोरात होतं. सोजराबाई राणीवरून वाळू वाहू लागली. भावाच्या तुकड्यांवर जगणं संपलं.

हे कळताच भिमाजी बांधकामावर हजर झाला. चारचौघांत दोरीला हात घालून म्हणाला, "माझी हाय ती. पाच वर्सं पोसलीया."

सोजराबाईनं दोरी सोडली नाही. "हिला पाच वर्सं दिली, मला तीनच," ती म्हणाली. "तवा मी जनावरापरीस हलकी हुते. आता हात काढा. आमाला वाळू टाकायचीय."

भिमाजीनं हात काढला. गावात येऊन मात्र त्यानं सांगितलं, की खेचर आपणच बायकोला देऊन टाकलं. इतक्या वर्षांनी तिला बायको म्हणाला, तेही खोटं बोलताना.