खंडोपंतांची दाढ

माझ्या चुलतसासऱ्यांइतका कायदेशीर माणूस सबंध कुलाबा जिल्ह्यात झाला नाही आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. मीठखात्यात तीस वर्षं इन्स्पेक्टरी करून ते पनवेलला येऊन राहिले. खात्याने त्यांना रीतसर निरोप दिला होता, पण त्यांनी काही खातं सोडलं नव्हतं. दूध पातळ लागलं म्हणून त्यांनी गवळ्याला 'कारणे दाखवा' अशी लेखी नोटीस दिली. गवळ्याला वाचता येत नव्हतं, म्हणून ती त्यांनीच त्याला वाचून दाखवली, त्याने तोंडी दिलेलं उत्तर स्वतःच्या हाताने लिहून घेतलं, त्याखाली त्याचा अंगठा उठवला, 'खुलासा समाधानकारक नाही' असा शेरा मारला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा त्याचंच दूध घ्यायला लागले. माझ्या लग्नात मंगलाष्टकं संपली तरी मुहूर्ताला दीड मिनिट बाकी आहे, असं खिशातलं घड्याळ दाखवून त्यांनी भटजींना थोपवून धरलं होतं. अंतरपाटाआड हार धरून माझे हात भरून आले होते. पुढे माझी बदली पनवेलच्या कचेरीत झाली, तेव्हा "तिथे आमचे काका आहेत, आता कसली अडचण नाही," म्हणून माझी बायको हरखून गेली. माहेरच्या माणसालाच अडचण म्हणतात हे बायकांना कधी पटत नाही.

काकू जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. वडाळे तळ्याच्या बाजूला दोन खोल्यांत काका आणि खंडोपंत असे दोघेच राहत. खंडोपंत हा कुत्रा होता. तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला, जातीचा म्हणाल तर रस्त्यावरचा. पण काका त्याला कधी अरेतुरे करत नसत. "खंडोपंत, जरा सरकता का? झाडायचंय," असं चालायचं. मी नवीन असताना एकदा त्याला 'हड' म्हटलं, तर काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, घरातल्या माणसांशी असं बोलतात का?" तेव्हापासून मीही त्यांना अहोजाहो करू लागलो. कचेरीतले लोक मला हसायचे, पण कचेरीतल्या लोकांना माझं सासर कुठे माहीत होतं?

या घरात एकच नियम होता आणि तो अढळ होता: आधी काका, मग खंडोपंत. काकांनी घास घेऊन चावून गिळल्याशिवाय खंडोपंत ताटलीकडे ढुंकून पाहत नसत. नुसतं पाहून त्यांचं समाधान होत नसे. ते उठून काकांच्या तोंडाचा वास घेत आणि खात्री पटली म्हणजे मगच जेवत. एका उन्हाळ्यात कुणीतरी तळ्याकाठी विषाचे लाडू टाकले होते, त्यात गल्लीतली चार कुत्री गेली, म्हणून आपण त्यांना ही शिस्त लावली, असं काका सगळ्यांना सांगत. शिस्त मात्र हळूहळू फार पुढे गेली. गोचिडांवर करंजाचं तेल चोपडायचं, तर आधी काकांनी स्वतःच्या हातापायाला चोपडायचं. असे ते एकदा चोपडलेल्या अवस्थेतच माझ्या कचेरीत काही नकला मागायला आले आणि मामलेदारांनी दुपारची सगळी कामं उद्यावर टाकली. नियमाचा दुसरा परिणाम असा, की काका शाकाहारी म्हणून खंडोपंतही शाकाहारी. जासईहून मीठ विकायला येणारी एक आगरीण काकांना मिठागरापासून ओळखत होती. ती पाटी उतरवून ओटीवर घटकाभर बसायची. खंडोपंतांना वालाची उसळ खाताना बघून तिने कपाळावर हात मारला होता. "कुत्र्याला सुकट नाय देत? ह्यो काय जानवा घालून जल्मला हाय?"

काकांना दुसरा अभिमान होता तो दातांचा. जन्मभर मिठाने दात घासलेल्या माणसाला दाताचा डॉक्टर बघावा लागत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते मत ऐकवताना त्यांच्या डाव्या गालात नेहमी एक लवंग असे. ती कशाला, असं विचारलं की म्हणत, "सवय आहे." सुपारी ते उजवीकडूनच चावत, गार पाण्याला तोंड लावत नसत, आणि गूळ दिसला की विषय बदलत. खंडोपंतांच्या हिरड्यांनाही ते रोज सकाळी मीठ लावत. अर्थात आधी स्वतःच्या.

आणि असं असताना एका सकाळी खंडोपंतांचा उजवा डोळा सुजला. डोळ्याखाली लिंबाएवढी गाठ आली आणि त्यांनी खाणं टाकलं. काका घास घेत, तोंडाचा वास देत, खंडोपंत जवळ येत, वास घेत आणि मान वळवून पुन्हा पोत्यावर जाऊन पडत. काकांनी त्यांना गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा विकार आहे, आणि त्यांनी पोट साफ होण्याचे गोळे दिले. ते बैलाला देतात त्यातलेच होते. नियमाप्रमाणे अर्धा गोळा काकांनी घेतला. पुढचे दोन दिवस काका परसात होते आणि खंडोपंत दाराशी त्यांची वाट बघत होते. गोळा काही त्यांनी घेतला नाही. इतका शहाणा कुत्रा मी दुसरा पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी मी गेलो तर काका ओटीवर खाली मान घालून बसलेले. मिठाची पाटी उतरवून जासईची बाई खंडोपंतांसमोर उकिडवी बसली होती. तिने हात न लावता नुसतं वाकून बघितलं आणि म्हणाली, "डोला नाय वो काका, दात हाय त्याचा. माज्या सासऱ्याला आसाच झाला व्हता, आमी डोल्यात मध घालत बसलो. दाढ काडली तवा उतरला. ह्याची काडा, नायतर ह्यो जगत नाय."

काकांचा चेहरा पांढरा पडला. बाजारपेठेत त्याच वर्षी एका तरुण डॉक्टरने दातांचा दवाखाना काढला होता. काका त्या रस्त्याने जायचं टाळत. पोस्टात जायला त्यांनी त्यासाठी लांबचा वळसा शोधून काढला होता. पण त्या दिवशी त्यांनी कोट चढवला, टेबलाशी बसून अर्ज लिहिला आणि मला बरोबर घेऊन निघाले. अर्ज मी वाचला. 'अर्जदाराचे नाव: खंडोपंत. वय: वर्षे सहा. धंदा: राखण. तक्रार: उजवी वरची दाढ. अर्जदारास लिहिता येत नसल्याने खाली सही करणाराने त्यांच्या वतीने लिहिला असे.'

डॉक्टर बिचारा सज्जन होता. अर्ज दोनदा वाचून तो म्हणाला, "अहो, पण मी माणसांचा डॉक्टर आहे."

"दात तर दातच ना?"

"आणि लोकांना कळलं, की या खुर्चीत कुत्रा बसला होता, तर उद्या इथे येईल कोण?"

"खुर्चीत मी बसेन," काका म्हणाले. "ते बाकावर बसतील." आणि मग आवाज एकदम खाली आणून, "डॉक्टरसाहेब, तीन दिवस अन्न नाही त्यांच्या पोटात," असं म्हणाले. तो आवाज मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला. डॉक्टरनेही ऐकला असावा. दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा मागच्या दाराने घेऊन या, म्हणाला.

काकांनी वेळ पाळली. मागचं दार पाळलं नाही. "आपण काय चोरी करतोय?" म्हणत ते भर दुपारी खंडोपंतांना हातगाडीवर शालीत बसवून बाजारपेठेतून पुढच्या दाराशी आले, आणि मागोमाग निम्मी बाजारपेठ आली. डॉक्टरने घाईघाईने दार लावलं, तर लोक खिडकीशी गोळा झाले. आत काका खुर्चीत, शेजारच्या बाकावर खंडोपंत, त्यांचं डोकं काकांच्या मांडीवर, आणि मागचे पाय धरायला मी. डॉक्टरने आरसा पुढे केला तशी खंडोपंतांनी ओठ वर करून दात दाखवले. "आधी मला," काका म्हणाले. डॉक्टरला काही कळेना. मी त्याला नियम समजावून सांगितला. त्याने हताशपणे काकांच्या तोंडात आरसा घातला आणि त्याचा चेहराच बदलला. "काका, किती वर्षं झाली ही दाढ दुखतेय?"

"माझ्याबद्दल अर्ज नाही," काका म्हणाले.

आरसा धुऊन खंडोपंतांच्या तोंडात गेला. त्यांनी तो जाऊ दिला. दाढ उभी चिरली होती आणि खाली पू धरला होता. मिठाची बाई बरोबर होती. आता इंजेक्शन. "तुम्हाला नुसतं टोचल्यासारखं करतो," डॉक्टर म्हणाला. काकांनी मान हलवली. "ते वास घेतात. खोटं चालायचं नाही." सुई पाहून त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता. त्यांनी एका हाताने खंडोपंतांचा पंजा धरला, दुसऱ्या हाताने माझं मनगट, आणि तोंड उघडलं. माझ्या मनगटावर त्यांची नखं आठवडाभर होती. इंजेक्शन झालं, जबडा बधिर झाला, तेव्हा डॉक्टर म्हणाला, "आता बधिर केलंच आहे, तर ही किडकी दाढ काढूनच टाकू का?" काकांनी खंडोपंतांकडे पाहिलं. खंडोपंत त्यांच्याकडे पाहत होते. "काढा," काका म्हणाले, आणि दहा वर्षांची लवंग एका मिनिटात सुटली.

मग खंडोपंत उठले, त्यांनी काकांच्या तोंडाचा वास घेतला, पुन्हा मांडीवर डोकं ठेवलं आणि आपला जबडा डॉक्टरच्या स्वाधीन केला. नवी सुई टोचली तेव्हा ते एकदाच कण्हले. त्यांच्या दाढेला तीन मुळं निघाली. अर्धा तास डॉक्टर घामाघूम होऊन ओढत होता आणि काका तोंडात कापसाचा बोळा घेऊन "अं, अं" एवढंच करत त्यांच्या कानामागे खाजवत होते. नियम, कलम, शेरा यांतला एक शब्दही त्यांना उच्चारता येत नव्हता. तिसरं मूळ निघालं तेव्हा खिडकीतून टाळ्या पडल्या. डॉक्टरचा धंदा बुडाला नाही, उलट दुसऱ्या दिवशी रांग लागली. कुत्रं ओरडलं नाही तर आपण काय ओरडायचं, असा पनवेलकरांनी विचार केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोने मऊ भात करून दिला तो घेऊन मी गेलो. खंडोपंतांची सूज निम्मी उतरली होती, काकांची दुप्पट चढली होती. मी दोघांच्या पुढ्यात ताटं ठेवली. खंडोपंत भाताकडे बघत होते, शेपूट हलवत होते, पण तोंड लावत नव्हते. काकांनी घास उचलला, जखमेला शीत लागलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तरी त्यांनी तो चावला आणि गिळला. खंडोपंतांनी जवळ येऊन वास घेतला आणि मग जे जेवायला सुरुवात केली ती ताटली चकचकीत होईपर्यंत.

मला राहवलं नाही. "काका, आजच्या दिवस तरी नियम बाजूला ठेवायचा होता."

"नियम माझा नाही, जावईबापू," ते सुजलेल्या तोंडाने अडखळत म्हणाले. "त्यांचा आहे. विषाचे लाडू टाकले होते हे खरं, पण ते नंतर. तुमच्या काकू गेल्या तेव्हा मला घास जाईना. ताट वाढून घ्यायचो आणि तसंच सारायचो. हे तेव्हा एवढंसं पिल्लू, कुठूनसं आलेलं. त्याला दूधभात घातला तर खाईना, माझ्या ताटाकडे बघत बसे. दोन दिवस बघितलं मी. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आपल्यामुळे हे मरायला नको, म्हणून एक घास घेतला. लगेच जेवलं." त्यांनी दुसरा घास उचलला. "तेव्हापासून चाललंय. तेच जर जेवायचे थांबले असते, तर मग मी तरी..." पुढचं त्यांनी भाताबरोबर गिळलं.

ती चकचकीत ताटली उचलून मी पुन्हा घासायला परसात गेलो.

त्यानंतर ते दोघं आणखी पाच वर्षं समोरासमोर बसून जेवले. आधी काका गेले. आम्ही खंडोपंतांना घरी आणलं. रोज दुपारी मी त्यांच्यासमोर बसायचो, पहिला घास घ्यायचो, चावायचो आणि वाकून तोंड त्यांच्या नाकाशी न्यायचो. ते वास घ्यायचे, माझा मान राखायला दोन शितं चाटायचे आणि दाराकडे तोंड करून बसायचे. पंधरा दिवसांपलीकडे काही मला त्यांना थांबवता आलं नाही.