एकतीस थैल्या माती

लग्न होऊन आष्टीला आली तेव्हापासून गोपिकाबाईचे हात मातीतच होते. नवरा रूपराव याची नाल्याकाठी दोन एकर वाडी होती. वांगी, पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं सगळं लावायचं, खुडायचं, जुड्या बांधून आठवडी बाजारात नेऊन बसायचं, यात तिची अठरा वर्षं गेली. तरी माती म्हणजे तिच्या लेखी पायाखालची एकच एक काळी वस्तू. तिच्यात वरून खाली वेगवेगळे थर असतात आणि ते वाचायला कोणी नागपूरहून येतं, असं कोणी सांगितलं असतं तर ती हसली असती.

१९९७ च्या फेब्रुवारीत जंगलाचे गार्ड अण्णाजी सायकल हातात धरून वाडीवर आले.

"रूपराव, नागपूरहून मॅडम आल्या. डोंगरातल्या मातीचं सर्वेक्षण आहे. सात खड्डे खणाचे आहे, माणूसभर खोल. येतं का?"

रूपरावची लसणाची खुरपणी नुकतीच उरकली होती. तो हो म्हणाला.

"गोपिकाबाईलेही घेऊन येजो," अण्णाजी म्हणाले. "पाणी आणाले, माती चाळाले पाहिजे कोणी."

मॅडम म्हणजे चष्मा लावलेली पोक्त बाई असेल असं गोपिकाबाईला वाटलं होतं. निघाली ती चोवीस वर्षांची मयुरी, गोपिकाबाईच्या धाकट्या बहिणीहून लहान. नोकरी हंगामी होती आणि एकटीने हाताळायचं हे तिचं पहिलंच काम. डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत एका सरळ रेषेत सात खड्डे खणायचे, प्रत्येक खड्ड्यातले थर पाहून लिहून काढायचे आणि थरागणिक एक थैली माती भरून नागपूरला न्यायची, असं ते काम होतं.

पहिला खड्डा माथ्यावर, सागाखाली. वर वाळलेल्या पानांचा कुरकुरीत थर, त्याखाली वीतभर भुसभुशीत काळपट माती, मग तांबूस तपकिरी, मग मुरूम. साडेतीन फुटांवर रूपरावची सब्बल खडकावर ठणठणली. मयुरी खड्ड्यात उतरली, सुरीने एक भिंत तासून साफ केली, टेप लावला आणि सुरीच्या टोकाने आडव्या रेघा मारल्या. गोपिकाबाई काठावर बसून पाहत होती. भिंत साफ झाल्यावर एका मातीच्या चार मात्या झाल्या, हे तिला स्वच्छ दिसलं.

पुढचं काम मात्र मयुरीला जमेना. चिमूटभर माती ओली करून मळायची आणि अंगठ्याने पुढे ढकलत तिची पट्टी काढायची. पट्टी किती लांब निघते त्यावरून मातीत चिकण किती, रेती किती ते ठरतं. मयुरीची पट्टी दर वेळी मध्येच तुटत होती. कधी पाणी जास्त, कधी कमी.

"मॅडम, रागवा नका," गोपिकाबाई शेवटी म्हणाली, "पण तुम्ही मळूनच नाई राह्यल्या. आना इकडे."

तिने गोळी तळहातावर घेतली, बोटं भिजवून दोनच थेंब शिंपडले आणि भाकरीचं पीठ मळावं तशी मळली. अंगठ्याखालून सलग पट्टी निघाली, दोन बोटं लांब झाली आणि आपल्याच वजनाने वाकून तुटली.

मयुरीने मोजपट्टी लावली. "परत करून दाखवता?"

परत तेवढीच निघाली. तिसऱ्यांदाही.

त्या दिवसापासून पाणी आणायचं काम रूपरावकडे गेलं आणि गोपिकाबाई खड्ड्यात उतरली. मयुरीकडे रंगांच्या चौकोनी तुकड्यांची एक वही होती. मातीचं ढेकूळ तुकड्यांशेजारी धरून जुळणारा रंग शोधायचा आणि त्याचा नंबर लिहायचा. गोपिकाबाईला नंबर वाचता येत नव्हते. ती आपल्या मनाने नावं ठेवायची. हा जवसाच्या ढेपेचा, हा चहाच्या चोथ्याचा, हा जुन्या गुळाचा. मयुरीला गंमत वाटे. ती नंबरापुढे कंसात तेही लिहून ठेवी.

तिसऱ्या खड्ड्याजवळ नाल्याने डोंगर कापला होता. त्या कापात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये हातभर जाडीचा लालभडक पट्टा होता. गोपिकाबाईने बोट लावलं. गेरूच.

"हे लाल काऊन आहे मधातच?"

"हा सगळा डोंगर एके काळी पातळ विस्तव होता, गोपिकाताई," मयुरी म्हणाली. "लाव्हा. तो वाहत आला, थंड झाला, त्याचा दगड झाला. मग ऊन-पावसाने दगड कुजून वर थोडी माती झाली. किती हजार वर्षं गेली कोण जाणे. मग दुसऱ्या खेपेचा लाव्हा त्या मातीवरून आला आणि ती भाजून निघाली. विटेसारखी."

गोपिकाबाईने खालचा दगड पाहिला, लाल पट्टा पाहिला, वरचा दगड पाहिला. "म्हंजे आपण उभे आहोत ते दुसऱ्या खेपेचं."

"दुसऱ्या नाही, कितव्या तरी."

त्यानंतर ती प्रत्येक थराकडे निराळ्या नजरेने पाहू लागली. उताराच्या मधल्या खड्ड्यांत माती तपकिरी, सुपारीएवढ्या खड्यांची. पायथ्याच्या दोन खड्ड्यांत पाच फूट खोल काळीच काळी, पण तीही सारखी नव्हती. वर भुगा, मध्ये पाचरीसारखी ढेकळं, त्यांच्या अंगावर इस्त्री फिरवल्यासारखी चकाकी, आणि तळाशी चुनखडीचे पांढरे खडे. मयुरीने बाटलीतल्या आम्लाचा थेंब टाकला की ते फसफसायचे.

अकरा दिवसांत सात खड्डे झाले. एकतीस थैल्या भरल्या. गावातल्या चिंधूच्या बैलगाडीतून त्या खाली आष्टीला न्यायच्या ठरल्या.

नाला उतरताना गाडीचं एक चाक दगडावर चढलं आणि गाडी कलंडली. माणसं पायीच मागे होती, बैल सुखरूप निघाले, पण सगळ्या थैल्या गुडघाभर पाण्यात गेल्या. रूपराव आणि चिंधूने एकेक करून काठावर काढल्या. थैल्या मांजरपाटाच्या, घट्ट विणीच्या. माती वाहून गेली नव्हती. खड्ड्याचा आणि थराचा नंबर लिहिलेली वरची चिठ्ठी मात्र प्रत्येक थैलीवर निळ्या डागासारखी पसरली होती. मयुरीने एक थैली सोडून आतली चिठ्ठी पाहिली. तीही तशीच.

ती तिथेच खाली बसली.

"नागपूरच्या साहेबांनी निघताना बजावलं होतं," ती मग म्हणाली, "चिठ्ठी पेन्सिलनेच लिही. मला पेन्सिलचं फिकट वाटलं. स्केचपेनने लिहिलं मी."

"वही?" गोपिकाबाईने विचारलं.

वही खांद्याच्या पिशवीत होती, कोरडी. पण कोणती थैली कुठल्या खड्ड्यातली, कुठल्या थराची, हे वही कशी सांगणार? जंगलात खणायची परवानगी चार दिवसांत संपत होती. तेवढ्यात सात खड्ड्यांची माती नव्याने काढणं होण्यासारखं नव्हतं.

गोपिकाबाईने जवळची थैली उघडली, चिमूटभर माती घेऊन बोटांत चोळली. दुसरी उघडली. तिसरी.

"वाळू द्या पहिले," ती म्हणाली. "वल्ली असली का सगळी सारखीच दिसते. मंग पाहू."

रूपरावच्या अंगणात जुनी लुगडी अंथरली आणि एकतीस ढीग एकमेकांना लागणार नाहीत असे पसरले. थैली ज्या त्या ढिगापाशी. दोन दिवस मयुरी अंगणातून हलली नाही. कोंबड्या हाकलायचं काम तिनेच घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोपिकाबाई कामाला बसली. मयुरी वही उघडून तिच्याकडे पाठ करून बसली, म्हणजे चेहऱ्यावरून काही कळायला नको. गोपिकाबाई एकेक ढीग हातात घ्यायची. रंग पाहायची, चुरडायची, मळायची, मुळं निवडून पाहायची.

"हे माथ्यावरचं, वरून दुसरं. जुन्या गुळाचं. सागाच्या पानाच्या शिरा आहे ह्याच्यात."

मयुरी वहीत खूण करायची आणि गप्प राहायची.

"हे दुसऱ्या खड्ड्याचं, बांबूखालचं. दोऱ्यावानी मुळं आहे. हे तिसऱ्या खड्ड्याचं, गेरूचे कण लागले हाताले. हे पायथ्याचं, सहाव्या खड्ड्यातलं चौथं. शिंपल्या आहे बारक्या. सातव्यात नोत्या."

दुपारपर्यंत एकोणतीस ढीग लागले. दोन उरले. गोपिकाबाईने ते तीन-तीनदा मळले आणि खाली ठेवले.

"ह्यातलं एक चौथ्या खड्ड्याचं अन् एक पाचव्याचं. कोनतं कोनाचं, ते मले सांगता येत नाई."

"अंदाजे सांगा."

"अंदाजे नाई सांगत, मॅडम. ह्या दोघांचं अंदाजे सांगितलं का बाकीचंही अंदाजेच होऊन जाईन."

दुसऱ्या दिवशी दोघी त्या दोन थैल्या घेऊन पुन्हा डोंगर चढल्या. खड्डे अजून उघडे होते. चौथ्या खड्ड्याच्या भिंतीवर तिसऱ्या थरात तांदळाच्या कणीएवढे पांढरे दाणे होते, मूळ दगडातल्या पोकळ्यांत भरलेले, दगड कुजला तसे मातीत उतरलेले. पाचव्यात एकही नव्हता. मग थैल्या पाहिल्या. एकीत दाणे होते. गोपिकाबाई खड्ड्याच्या काठावर बसली आणि तिने पदराने तोंड पुसलं. उरलेल्या वेळात मयुरीने एकटीने जाऊन पाच थरांमधून मूठ-मूठ नवी माती घेतली, पडताळ्यासाठी. या वेळी चिठ्ठ्या पेन्सिलने लिहिल्या.

जवळच्या तळेगावहून ती नागपूरच्या गाडीत बसली तेव्हा म्हणाली, "साहेबांना मी खरं तेच सांगणार आहे. पुढचं पुढे."

गाडी गेली आणि इकडे गोपिकाबाईच्या जिवाला घोर लागला. वांगी तोडता तोडता तिला अचानक आठवलं. सहाव्या खड्ड्याची थैली तिने शिंपल्यांवरून ओळखली होती. पण थैल्या पडल्या नाल्यात, आणि नाल्यात शिंपल्या काय कमी असतात? त्या पाण्याबरोबर आत गेल्या असल्या तर? सहावं आणि सातवं, दोन्ही काळंच.

तिने रूपरावला सांगितलं.

"थैल्यायचं तोंड तं बांधलं होतं नं?"

"एकीचं सुटलं होतं."

"कोनतीचं?"

"तेच तं आठवत नाई."

"मंग मॅडमले फोन कर."

"काय सांगू? का मले आता भरोसा नाई म्हून?"

मार्च गेला, एप्रिल गेला. ती बाजारात बसायची, भाजी तोलायची, आणि तोलताना बोटं आपोआप चोळली जायची. जेवणावरून तिचं मन उडालं. एवढीशी पोरगी, आपल्या एका बोलण्यावर नोकरी घालवून बसेल, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर उन्हात मयुरी वाडीवर आली. गोपिकाबाई पाटाचं पाणी वळवत होती. फावडं तसंच हातात धरून ती उभी राहिली.

"जुळलं, गोपिकाताई," मयुरी म्हणाली. "पाचही."

"सहाव्या खड्ड्यातलं चौथं होतं त्याच्यात?"

"होतं ना. चिकण, रेती, चुना, सगळे आकडे नव्या मातीशी मिळाले. सातव्याचे साफ वेगळे आहेत. का?"

गोपिकाबाईने फावडं खाली ठेवलं आणि पाटाच्या कडेला बसून घेतलं. मग शिंपल्यांची सगळी हकिकत सांगितली. मयुरीने ऐकलं आणि तीही चपला काढून, पाटाच्या पाण्यात पाय सोडून शेजारी बसली.

"मलाही तीच भीती होती," ती म्हणाली. "म्हणून तर त्या थरातली माती घेतली होती मी पडताळ्याला. तुम्हाला बोलले नाही."

"अन् साहेब?"

"आधी रागावले. रिपोर्टमध्ये थैल्या पडल्याचं लिहायला लावलं. मग आकडे पाहिले आणि म्हणाले, त्या बाईंना पुढच्या हंगामाला बोलवा."

पाणी एकाच वाफ्यात भरत चाललं होतं, आणि पलीकडून रूपराव ओरडत होता की वाफा फुटून राह्यला. गोपिकाबाई उठली नाही. त्या दिवशी दोन महिन्यांनी ती पोटभर जेवली. मयुरीला वांग्याची भाजी आणि भाकर वाढली आणि स्वतः तिसरी भाकर घेतली, तेव्हा रूपराव नुसता पाहत राहिला.

पुढच्या हंगामाला बोलावणं आलं, त्याच्या पुढच्यालाही. कारंजा, आर्वी, हिंगणीकडचं जंगल, जिथे जिथे खड्डे झाले तिथे गोपिकाबाई गेली. कामाच्या हजेरीपटावर ती मजूरच राहिली. पण खड्ड्यात कोणता थर कुठे संपतो यावर वाद झाला की साहेब लोक तिच्याकडे वळत. २००४ साली शेतकी कॉलेजची मुलं सहलीला आली. तोवर मयुरी कायम झाली होती आणि तिच्या हाताखाली तिघं होती. तिने मुलांना खड्ड्याभोवती उभं केलं आणि म्हणाली, "आधी ताईंकडून पट्टी काढायला शिका. वह्या नंतर उघडा."

गोपिकाबाईने मडक्यातलं पाणी पुढे ओढलं. सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या मुलीच्या हातावर मातीची गोळी ठेवली.

"पाणी दोन थेंब," ती म्हणाली. "घाई नको करजो."