दादाच्या नव्या घराची वंदना

हिंगोलीहून निघालेली आमची बस सकाळी कल्याणला पोचली आणि मी आईच्या आधी खाली उडी मारली. बदलापूर पूर्वेच्या शिरगावात दादाने घर घेतलं होतं. आज तिथे बुद्धवंदना होती. दहावी होताच अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला लागून दादाने मला शिकवलं; आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. त्यामुळे त्याचा हा दिवस बिनचूक व्हावा, सगळं घर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत भंतेजींसमोर बसावं, हा माझा हट्ट होता. वेळ वाचावा म्हणून स्टँडवरच आम्ही दोघी पांढऱ्या साड्या नेसलो.

"अगं, मळेल की वाटेत," आई म्हणाली.

"मी आहे ना सोबत!"

वाटेत खरेदीसाठी उल्हासनगरला उतरलो आणि ते पाहून मी हरखलेच. जिकडे तिकडे जीन्सच्या थप्प्या, आणि बोलणं तर एकाच वाक्यात सिंधी, हिंदी, मराठी! दादासाठी पांढरा कुर्ता घेतला.

"नये घर का प्रोग्राम है? मग दाल पकवान खाऊनच जा ताई," दुकानदार म्हणाला.

पकवान म्हणजे कडक तळलेली मैद्याची पुरी. तिच्यासोबत हरभऱ्याची डाळ, वर चिंचेची चटणी. आईने पुरी दाबून मोडली आणि डाळ थेट पदरावर! मी पाण्याने चोळलं, तर डाग दुप्पट पसरला. मला रडू यायचं बाकी होतं.

"राहू दे गं," आई म्हणाली. "चव बघ काय आहे! अजून एक सांग."

तिथून रिक्षाने अंबरनाथ. दादाची रात्रपाळी संपली असणार, त्याला कंपनीच्या गेटवरूनच घेऊ, असा बेत होता. वॉचमन म्हणाला, "त्यांचा रिलीव्हर, पुढच्या पाळीचा माणूस, आला नाय. मशीन सोडता येत नाय. तुम्ही व्हा पुढं."

"टेन्शन नका घेऊ मॅडम," रिक्षावाला म्हणाला. "घर त्याचंच आहे ना? येणारच तो!"

शिरगावात नव्या इमारतींच्या मागे हिरवे डोंगर उभे होते. दादाच्या गॅलरीतूनही ते दिसतात! पण तिकडे कोणाचं लक्ष होतं? भंतेजींना पुढे आणखी एका घरी जायचं होतं. वहिनी सारखी दाराकडे बघत होती.

शेवटी दादा आला. निळा युनिफॉर्म, केमिकलचा वास, लाल डोळे. मी कुर्ता पुढे केला.

"आधी अंघोळ, दादा."

"भंतेजी थांबतील का गं तेवढं?" तो हळूच म्हणाला.

"ये रे, बस इथं," आईने त्याला खाली ओढलं. "डाळवाल्या आईशेजारी कंपनीवाला पोरगाच शोभतो!"

भंतेजीसुद्धा हसले. मी कुर्ता पिशवीत टाकला आणि दादाच्या दुसऱ्या बाजूला बसले.

वंदना सुरू झाली. उत्साहाच्या भरात गाथा म्हणताना आई भंतेजींच्याही पुढे जात होती. सुत्तपठण चालू असताना माझ्या खांद्यावर भार आला. दादा झोपला होता. त्याच्या बाहीचं काळं ग्रीस माझ्या साडीला लागत होतं. वहिनी त्याला उठवायला निघाली, तर मीच तिला खुणेने थांबवलं. ज्याच्या कमाईवर मी शिकले, तो स्वतःच्या घरात पहिल्यांदा झोपला होता, आणि तोही माझ्या खांद्यावर!

हिंगोलीला परतल्यावर शेजारणींनी विचारलं, "कसा झाला कार्यक्रम?"

म्हटलं, "घरधनी झोपला, आई भंतेजींच्या पुढे पळाली, दोघींच्या साड्या वाया गेल्या. इतका छान कार्यक्रम मी अजून पाहिला नाही!"