पायऱ्या बुजवल्या त्या वर्षी

समजा, तुमच्या पुढ्यात कुणाचा तरी पाय आहे. घोट्याच्या वर एक फोड फुटलाय आणि त्यातून जाड शेवईएवढं पांढरं काहीतरी नखभर डोकावतंय. तो नारू. आत तो दोन हात लांब आहे, पोटरीत वेटोळं करून बसलाय आणि जिवंत आहे. तुम्हाला तो बाहेर काढायचाय. ओढून चालत नाही. ओढला तर तुटतो, आणि आत राहिलेला तुकडा सगळा पाय नासवतो. म्हणून फोडावर गार पाण्याची धार धरायची. नारू जरा सैल पडला की त्याचं टोक तुरीच्या काडीला गुंडाळायचं आणि एक वेढा द्यायचा. बोटाला ओढ जाणवली की थांबायचं, काडी चिंधीनं पायाला बांधून टाकायची. उद्या पुन्हा एक वेढा. असे वीस-पंचवीस दिवस. माणूस कळवळतो, शिव्या देतो, "वढ की एकदाचा!" म्हणून ओरडतो. तुम्ही ओढायचं नाही.

सोलापूरजवळच्या कुंभारीपासून दीड कोसावरच्या एका गावात मांगवाड्यातली निंगव्वा हे काम करायची. उन्हाळ्यात तिला फुरसत नसे. गावातल्या मोठ्या घरांतूनही बोलावणं यायचं. मागच्या दारानं, गोठ्यात. पाय तिच्या मांडीवर ठेवताना कुणाला काही वाटत नसे. ती उठून गेली की माणूस अंघोळ करून मगच घरात शिरायचा. निंगव्वाला याचा राग येत नसे. ती म्हणायची, "नारूला तेवढी जात कळंना, बाकी समद्यास्नी कळती."

नारूला जात न कळण्याचं कारण विहीर होती. गावाला पिण्याच्या पाण्याची एकच जुनी पायऱ्यांची विहीर. पूर्वेकडच्या पायऱ्या गावाच्या, पश्चिमेकडच्या मांगवाड्याच्या. पाणी तेच, पण उतरायची वाट निराळी, आणि एवढ्यावर गावाचं सोवळं भागत होतं. कसं भागत होतं, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

एकोणीसशे अठ्ठावीस सालच्या उन्हाळ्यात सोलापुराहून एक तरुण आरोग्य इन्स्पेक्टर सायकलवरून आला. लोकांनी आठ दिवसांत त्याचं नाव नारूसाहेब पाडलं. निंगव्वाचं नाव ऐकून तो तिच्या झोपडीसमोर येऊन उभा राहिला. झोपडीच्या सावलीत तिचा नवरा येडू पाय पसरून बसला होता. उजव्या घोट्यावर काडी बांधलेली, वीतभर नारू बाहेर आलेला. साहेबानं खाली बसून तो निरखून पाहिला.

"छान काढतेस," तो म्हणाला. "कुणी शिकवलं?"

"सासूनं. तिच्या पायातला काडून शिकले."

मग त्यानं तिला सांगितलं. नारूवाला माणूस पाण्यात पाय बुडवतो, तेव्हा नारू आपली पिलं पाण्यात सोडतो. पाण्यात बारीक किडे असतात, ते ती पिलं खातात. तेच पाणी आपण पितो. वर्षभरानं पायातून नारू निघतो.

"म्हंजी वरीसभर ह्यो आमच्या आंगात फुकाट ऱ्हातुया?" येडू म्हणाला. "आन् जाताना पाय बी घिऊन जातुया."

साहेब हसला. निंगव्वा हसली नाही. धार धरली की नारू सैल पडतो, हे ती वीस वर्षं बघत होती. त्याला पाणी हवं असतं हे तिला ठाऊक होतं. का हवं असतं, ते आज कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं.

"मंग पान्यात पाय घालायचाच न्हाय," ती म्हणाली.

"तेच! पायऱ्या बुजवायच्या, वर कठडा बांधायचा आणि रहाट लावायचा. पाय पाण्याला लागणारच नाही. तुमच्या लोकांचं काय म्हणणं आहे?"

"बुजवा, सायेब. उद्याच बुजवा."

मांगवाड्यातली म्हातारी माणसं कुरकुरली, पण निंगव्वानं दारोदार जाऊन त्यांना समजावलं. दोन वर्षांनी तुमच्या एकाच्या बी पायाला काडी ऱ्हानार न्हाय, म्हणाली. आपलं काम बंद पडावं म्हणून धडपडणारी बाई गावानं पहिल्यांदा पाहिली.

महिन्याभरात पायऱ्यांवर दगड-माती पडली. कठडा झाला. रहाट बसला. दोर तेवढा राहिला. गावाचे दोर वळायचं काम मांगांकडे, म्हणजे येडूकडे. पाटलाचा गडी चन्नप्पा निरोप घेऊन आला.

"येड्या, गुरुवारी सायेब येनार. चाळीस हाताचा दोर पायजे."

"पायाला काडी बांदलीया बग. आनखी आठ दिस थांब."

"तुजा नारू पाटलाला सांगू का सायबाला?"

"दोगास्नी सांग," आतून निंगव्वा म्हणाली. "आन् तू बी जपून ऱ्हा. गेल्या साली तुजा काडताना रडला हुतास, इसरले न्हाय मी."

चन्नप्पा ओशाळला, पण गेला नाही. दोर वळताना पीळ धरून मागं मागं चालावं लागतं. येडू बुधवारी दिवसभर तसा चालला. संध्याकाळी काडीची चिंधी बाभळीच्या काट्यात अडकली. त्याला नुसता एक हिसका जाणवला. निंगव्वानं येऊन पाहिलं तेव्हा काडीवरचा नारू काडीवरच होता, आणि फोडात काहीच दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाय भोपळ्यासारखा सुजला. तिनं धोत्र्याची पानं गरम करून बांधली. ताप चढला. सोलापूरच्या दवाखान्यात न्यायला गाडी हवी होती. गावात गाड्या सात होत्या, आणि सातही कामात होत्या. सहाव्या दिवशी भावकीतल्या चौघांनी घोंगडीची झोळी करून येडूला चालत नेलं. तिथं पू काढला. येडू जगला. गुडघा मात्र वाकला तो वाकलाच.

तो दवाखान्यात असतानाच निंगव्वा घागर घेऊन रहाट बसवलेल्या विहिरीवर गेली. पश्चिमेकडं, जिथं पायऱ्या होत्या, तिथं आता दगडांचा ढीग होता. रहाट एक, दोर एक. दोर येडूनं वळलेला. ती कठड्याजवळ सरकली, तशी कठड्यावरून एक बाई म्हणाली, "अगं ए, दोराला हात लावशील!"

"मंग पानी कसं काढू?"

हा विचार कुणी केलाच नव्हता. खाली उतरायला वाटा दोन होत्या, पण दोर एकच होता.

कस्तुराबाई नावाची पाटलाची सून पुढं आली. तिच्या पायातला नारू निंगव्वानंच काढला होता. तिनं उंचावरून निंगव्वाच्या घागरीत पाणी ओतलं. निम्मं सांडलं. चार दिवस ती ओतत राहिली. पाचव्या दिवशी ती विहिरीवर आलीच नाही. सासूनं तिची वेळ बदलली होती.

"थांबा, कोनतरी वतंल," मांगवाड्यातल्या बायका एकमेकींना म्हणायच्या. उन्हात तास तास बसायच्या. कधी कुणी ओतायचं, कधी नाही. शेवटी सगळ्या ओढ्यापलीकडच्या दगडाच्या खाणीकडं वळल्या. खाणीत पावसाचं साठलेलं हिरवट पाणी होतं. घागर भरायची तर गुडघाभर आत शिरावं लागे. ज्यांच्या पायाला काड्या होत्या, त्याही शिरल्या. निंगव्वा ओरडायची, "पाय घालू नगासा! फडकं दुपदरी करून गाळा!" पण तिचंच लुगडं असं विरलं होतं की दुपदरी करूनही त्यातून ऊन दिसायचं.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात गावात एकाही पायाला फोड आला नाही. मांगवाड्यात एकोणीस जणांना आला. एकोणिसावा येडूचा. या खेपेला डाव्या पायाला, धड पायाला.

नारूसाहेब आला तो खुशीत होता. गावाचे आकडे वहीत लिहून झाल्यावर तो मांगवाड्यात शिरला. पहिल्या झोपडीपाशी त्याचा चेहरा बदलला आणि शेवटच्या झोपडीपर्यंत तो काड्या बांधलेले पाय मोजत गेला. निंगव्वा येडूच्या घोट्यावर पाण्याची धार धरून बसली होती.

"तुम्ही विहिरीचं पाणी पीत नाही?" त्यानं विचारलं.

येडू म्हणाला, "इहिरीला इचारा की, सायेब."

साहेबानं वही मिटली. पाटलाशी बोलतो म्हणाला. वर अर्ज करतो म्हणाला. दुसरा रहाट मागतो, पण मंजुरीला वर्ष-दोन वर्षं लागतील म्हणाला. निंगव्वानं तेवढ्यात काडीला वेढा दिला. बोटाला ओढ लागली, ती थांबली. चिंधी बांधून झाल्यावर तिनं वर पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या त्ये, सायेब. मला एकच सांगा. तवा मी बुजवा म्हनले, मला कळलं न्हवतं. तुमी शिकलेलं मानूस. पायऱ्या बुजवताना तुमास्नी ठावं हुतं का, की आमचा हात दोराला चालनार न्हाय?"