बेंजो पार्टी सोडायला गेलो तेव्हा

लालबागच्या आमच्या बेंजो पार्टीत मी बत्तीस वर्षं बेंजो वाजवला. नावच बेंजो पार्टी, तेव्हा पार्टी म्हणजे मी, अशी माझी भाबडी समजूत होती. गोदीतल्या नोकरीने मला साठाव्या वर्षी घरी बसवलं. तेव्हाच ठरवलं, इथून मात्र कोणी उठवायच्या आत आपणच मानाने उठायचं. यंदाचं विसर्जन शेवटचं. बायकोला सांगितलं, डिलाईल रोडला सासरी असलेल्या मुलीला फोनवर सांगितलं, आणि दोन आठवडे आरशासमोर भाषण घोटलं. मंडळी गयावया करू लागली तर काय बोलायचं, तेही तयार होतं.

रविवारी दुपारी मंडळाच्या खोलीत सराव होता. भाषण सरावानंतरच करणार होतो. आधी केलं तर बिचाऱ्यांचे हात चालायचे नाहीत, अशी मला काळजी. कीबोर्डवाला अजून पोचला नव्हता. आमच्याकडे बेंजो आणि कीबोर्ड एकच चाल बरोबरीने वाजवतात आणि दोघांच्या वायरी एकाच मिक्सरमध्ये जातात. मी म्हटलं, "तो येईल तेव्हा येईल. चाल माझ्याकडे आहे. चला."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग ढोल सुरू झाला, शेजारी तीन ड्रमांचा ट्रिपल सुरू झाला, मी पट्ट्यांवर बोटं टाकली, आणि चाल काही ऐकूच येईना. नुसता ताल. वायर सैल असेल म्हणून काढून पुन्हा खोचली. तरी तेच. शेवटी मिक्सरपाशी गेलो. माझ्या बेंजोचं बटण शून्यावर होतं, आणि चुकून फिरू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावलेली. पट्टीवर धूळ बसली होती, कडा पिवळ्या पडल्या होत्या.

"कोणी केलं हे?" मी विचारलं. ढोलवाल्याला अचानक ढोलाच्या दोऱ्या ताणायच्या आठवल्या.

चिकटपट्टी ओरबाडून काढली, आवाज पूर्ण वाढवला आणि रागारागाने एकटाच वाजवायला बसलो. म्हटलं, ऐका आता. त्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. डावा हात पट्टीवर उशिरा पडत होता, दोन ठिकाणी तर सूर भलताच लागला. इतके दिवस ढोलांच्या दणदणाटात जे ऐकून मी खूश होत होतो, तो कीबोर्ड होता. मी अर्ध्यात थांबलो. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ट्रिपलवाला माझ्याच चाळीतला, लहानपणापासूनचा दोस्त. त्याला विचारलं, "कधीपासून?"

"जाऊ दे ना रे."

"कधीपासून, ते सांग."

"तुझ्या पोरीच्या हळदीपासून." तो खाली बघत म्हणाला, "तिनंच सांगितलं. सासरची माणसं हसत होती रे. ती माझ्याजवळ आली, म्हणाली, काका, बाबाचा आवाज बंद करा, पण त्याला कळू देऊ नका. मग पुढे आम्ही तसंच ठेवलं. तुला सांगणार कोण?"

त्या हळदीला मी तीन तास वाजवलं होतं. लोक नाचत होते, मुलगी हळदीच्या अंगाने माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती, खांद्यावर हात ठेवून. पोरीला मी स्वतः वाजवून सासरी धाडलं, हे मी चार वर्षं भेटेल त्याला ऐकवत होतो. भेटेल त्याने ते ऐकूनही घेतलं होतं.

भाषण काही झालं नाही. "यंदापासून मी येत नाही," एवढंच म्हटलं. कोणी गयावया केली नाही. दोस्त दारापर्यंत आला आणि चहा घेतोस काय म्हणाला. मी नको म्हटलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, सांगितलंस काय त्यांना?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"सोडतच नव्हते," मी म्हटलं. "खूप आग्रह केला. मीच ऐकलं नाही."

मग म्हणाली, "करणारच ना आग्रह. तुझ्यासारखं वाजवणारं आहे कोण त्यांच्यात?"

तिचा आवाज जराही हलला नाही. मी हो म्हटलं आणि जावई कसे आहेत ते विचारलं.